एसजीपीटी वाढलंय म्हणजे नक्की काय वाढलंय?

या महिन्याच्या पत्रांचा गठ्ठा उघडला तर निम्म्याहून जास्त पत्रं लिव्हरचीच निघाली, आणि विचारणारे कोण, तर बावीस ते छत्तीस वयाची पोरंपोरी नाहीतर त्यांच्या आया. मी सांगलीत दवाखाना टाकला तेव्हा या वयाच्या माणसाचं लिव्हर तपासायचं म्हणजे कावीळ झाली असली तरच. आता कंपनीचं चेकअप, इन्शुरन्सचं मेडिकल, भरतीचं मेडिकल, कुठलंतरी सत्तर टेस्टचं पॅकेज, रिपोर्ट थेट मोबाईलवर, त्यात एसजीपीटी, एसजीओटी, जीजीटी या लिव्हरच्या तपासणीतल्या एंझाइमांपैकी एखादा आकडा ठळक केलेला, आणि मग रात्री दोन वाजता गूगल. असो. त्यातली सहा पत्रं घेतो.

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. मी २७ वर्षांचा, गाव तासगावजवळ, पुण्याच्या आयटी कंपनीत आहे पण काम घरूनच चालतं. उंची पाच फूट सात, वजन ८२. चेकअपमध्ये एसजीपीटी ६८, एसजीओटी ४१, जीजीटी ६२ आलं. ट्रायग्लिसराइड २१०, एचडीएल ३६, उपाशीपोटी साखर १०४. तिथले डॉक्टर म्हणाले थोडंसं वाढलंय, तेलकट कमी करा, झालं, पुढचा नंबर. मी दारूला शिवत पण नाही. पण आईने कुठंतरी ऐकलंय की जीजीटी म्हणजे दारूची टेस्ट, तेव्हापासून मी मित्रांकडून आलो की ती दारातच जवळ येऊन वास घेते. काय समजायचं?

उत्तर : आधी आईचं मिटवू, हे पान त्यांना वाचायला द्या. काकू, जीजीटी दारूने वाढतं हे खरं, पण फक्त दारूनेच वाढतं हे खोटं. लिव्हरमध्ये चरबी साठली तरी वाढतं, पित्ताच्या वाटेत अडथळा असला तरी वाढतं, फिटच्या काही गोळ्यांनी पण वाढतं. उलट दारूने खराब होणाऱ्या लिव्हरमध्ये बहुतेक वेळा एसजीओटी हे एसजीपीटीच्या दुपटीच्या आसपास किंवा त्याच्याही वर जातं. तुमच्या मुलाचं उलटं आहे, एसजीपीटी जास्त आणि एसजीओटी कमी. हे चित्र चरबीकडे बोट दाखवतं. तेव्हा वास घेणं बंद करा आणि रात्री अकराला त्याला गरम भात वाढणं पण बंद करा, दुसरं जास्त महत्त्वाचं आहे.

आता तुमचं. रिपोर्टमधले ठळक आकडे तुम्हाला पाच-सहा वेगवेगळ्या भानगडी वाटतायत, त्या तशा नाहीत, गोष्ट एकच आहे. खाण्यातून येणारी जास्तीची ऊर्जा शरीर आधी कातडीखाली साठवतं, ती जागा पुरेना झाली की चरबी पोटात आणि लिव्हरमध्ये जाते. लिव्हरमध्ये चरबी झाली की ते इन्सुलिनचं नीट ऐकत नाही. रात्री तुम्ही झोपलेले असताना लिव्हरने साखर सोडणं कमी करायला पाहिजे, ते करत नाही, म्हणून सकाळी उपाशीपोटी १०४. तेच लिव्हर जादाची चरबी रक्तात ढकलतं म्हणून ट्रायग्लिसराइड २१०, आणि ते वाढलं की चांगलं कोलेस्टेरॉल म्हणजे एचडीएल खाली येतं, म्हणून ३६. आणि या सगळ्या ओढाताणीत लिव्हरच्या पेशी थोड्या थोड्या दुखावतात, त्यांच्यातलं एंझाइम रक्तात गळतं, ते ६८. म्हणजे एसजीपीटी हा रोग नाही, गळतीचा आकडा आहे.

सांगलीकराला हे कृष्णेवरच्या आयर्विन पुलावरून लगेच कळेल. पुलापाशी पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ ला धोका. पण ते पाणी काय सांगलीत पडलेलं असतं होय, पाऊस पडतो महाबळेश्वर-नवजाला, विसर्ग सुटतो कोयनेतून, आणि आपण पुलावर उभं राहून फूट मोजतो. एसजीपीटी ती पुलावरची पट्टी आहे. आणि लिव्हर टॉनिकची बाटली पिऊन तो आकडा खाली आणायचा प्रयत्न म्हणजे पट्टी पुसून पूर उतरवणं. तुमचा पाऊस कुठं पडतोय ते बघायचं, म्हणजे कंबर, साखर, ट्रायग्लिसराइड आणि बीपी. बीपी तुम्ही लिहिलंच नाही, मोजून घ्या, १३०/८५ च्या वर असेल तर तो पण त्याच गोष्टीचा भाग.

या वयात एवढं मनावर का घ्यायचं, तर फॅटी लिव्हरवाल्या माणसांचा घात बहुतेक वेळा लिव्हर करत नाही, हृदय करतं. हे लोकांना पटतच नाही, सगळ्यांना वाटतं लिव्हर म्हणजे सिरॉसिस, लिव्हर कडक होऊन निकामी होणं. अमेरिकेत कार्डिया नावाचा एक अभ्यास १९८५-८६ मध्ये सुरू झाला, बर्मिंगहॅम, शिकागो, मिनियापोलिस आणि ओकलंड या चार शहरांतली १८ ते ३० वयाची ५,११५ तरुण माणसं घेतली आणि वर्षानुवर्षं त्यांच्या मागे राहिले. त्यात दिसलं की सुरुवातीला ज्यांचं जीजीटी जास्त होतं, अगदी लॅबच्या हिशोबाने नॉर्मलमध्ये असून जास्त होतं, त्यांना पुढच्या पंधरा वर्षांत डायबेटिस आणि बीपी जास्त प्रमाणात झालं. जीजीटीमुळे झालं असं नाही हां, जीजीटीने आधी चाहूल दिली. ती माणसं अमेरिकेतली, खाणंपिणं वेगळं, त्यामुळे त्यांचे आकडे आपल्याला जसेच्या तसे लावू नका, पण दिशा तीच.

२०२३ मध्ये जगभरच्या लिव्हरच्या डॉक्टरांनी या आजाराचं नावच बदललं. आधी नाव काय होतं, तर दारूशिवायचं फॅटी लिव्हर, म्हणजे काय नाही तेवढंच सांगणारं. आता नावातच मेटाबॉलिक आलं, म्हणजे शरीर साखर-चरबी कशी वापरतं त्याच्याशी जोडलेलं. लिव्हरमध्ये चरबी आणि जोडीला पाचातली एक तरी गोष्ट असली की त्यात बसतो. पोटाचा घेर किंवा वजन, साखर, बीपी, ट्रायग्लिसराइड, एचडीएल या त्या पाच. तुमच्या नक्की चार आहेत, बीपीचं माहीत नाही. आपल्या सरकारने पण २०२१ मध्ये फॅटी लिव्हर डायबेटिस-हृदयरोगाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घातलं ते याच कारणाने.

आता करायचं काय. दीड-दोन महिन्यांनी तपासणी परत करा, त्याच्या आधीचे दोन-तीन दिवस जोराचा व्यायाम नको आणि मनाने घेतलेल्या पेनकिलर पण नकोत. एकदाच हिपॅटायटिस बी आणि सीची टेस्ट करून टाका, चरबी चरबी म्हणत बसलो आणि मागे बी निघाला असं मी बघितलंय. पोटाची सोनोग्राफी, तीन महिन्यांच्या साखरेची टेस्ट, थायरॉइड. काही लोक वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट घालून मोबाईलवर एक स्कोअर काढतात, ३५ च्या आत तो नीट चालत नाही, त्यावर ना घाबरा ना खूश व्हा. आणि टेलरची टेप घेऊन पोटाचा घेर मोजा, पँटचा नंबर सांगू नका. आपल्याकडे ४० इंच ढेरीचा माणूस ३४ ची पँट ढेरीच्या खाली बांधून फिरतो आणि छातीठोक ३४ सांगतो. पुरुषाला ९० सेंटिमीटर, म्हणजे साडेपस्तीस इंच, ही आपल्या लोकांची हद्द.

तेलकट कमी करा हा सल्ला चुकीचा नाही पण अर्धा आहे. तुमच्या वयाच्या पोरांच्या लिव्हरमध्ये मला तेलापेक्षा साखर जास्त दिसते. दिवसात पाच चहा दोन-दोन चमचे साखरेचे, कॉलवर बसून बिस्किटं, संध्याकाळी भडंगची पिशवी, उन्हाळ्यात रसवंती. एक ग्लास उसाच्या रसात साधारण ३० ग्रॅम साखर असते, सहा-सात चमचे झाली, आणि साखरेतलं निम्मं फ्रुक्टोज, ते बहुतांश लिव्हरलाच निस्तरावं लागतं आणि जास्त झालं की ते त्याची चरबी करतं. ऊस आपल्या रानातला आहे म्हणून लिव्हर सवलत देत नाही. गूळ आणि काकवी पण बहुतेक साखरच, मला माहितीय हे लिहिल्यावर चार पत्रं येणार, येऊ देत.

वजन ८२ चं ७६ झालं, म्हणजे सात टक्क्यांच्या आसपास, तर लिव्हरची सूज उतरायला लागते, नुसती चरबी तर पाच टक्क्यांनीच कमी होते. सहा महिने लावा, महिन्यात दहा किलोवाली योजना नको, एकदम उतरवलेलं वजन लिव्हरला आणि पित्ताशयाला उलट त्रास देतं. रोज अर्धा तास दम लागेल असं चाला, आठवड्यातले पाच दिवस. आणि गंमत म्हणजे काटा हलला नाही तरी नियमित व्यायामाने लिव्हरची चरबी थोडी कमी होतेच, त्यामुळे दोन आठवड्यांत वजन तेवढंच दिसलं म्हणून बूट माळ्यावर टाकू नका.

प्रश्न : सर मी कोरेगाव तालुक्यातला, वय २२, पोलीस भरतीची तयारी करतोय. रविवारी आम्ही पोरं यवतेश्वरचा घाट पळत चढलो, सोमवारी जिममध्ये पायाचा व्यायाम मारला, मंगळवारी रक्त तपासायला दिलं तर एसजीओटी ९६ आणि एसजीपीटी ५८ आलं. जीजीटी १८, काविळीचं बिलिरुबिन नॉर्मल. लई टेन्शन आलंय. जिमचा ट्रेनर म्हणतोय लिव्हर खराब झालंय, तो एक इंजेक्शनचा कोर्स सांगतोय, त्याने बॉडी पण बनते म्हणे.

उत्तर : बाळा, ट्रेनरला सांग इंजेक्शन तुझ्याकडेच ठेव.

एसजीओटी काय फक्त लिव्हरमध्ये नसतं, स्नायूत असतं, हृदयात असतं, रक्तपेशीत पण असतं. एसजीपीटी मुख्यतः लिव्हरचं पण थोडं स्नायूत पण. तू घाट चढलास, दुसऱ्या दिवशी बैठका मारल्यास, मांड्या ठणकत असतील, त्यातनंच हे गळालंय. ओळखायचं कसं, तर स्नायूचं असेल तेव्हा एसजीओटी जास्त चढतं आणि जीजीटी जागचं हलत नाही, तुझं १८ आहे. पक्कं करायचं तर सीपीके नावाची टेस्ट कर, ती स्नायूची, भरपूर वाढलेली निघेल. मग आठवडाभर जड व्यायाम बंद, हलकं चालणं चालेल, आणि परत रक्त. सवय नसताना वजनं उचलली तर आठवडाभर तरी हे आकडे वर राहू शकतात, म्हणून चार दिवसांत परत तपासून रडत बसू नको. आठवड्यानंतर पण तेवढंच राहिलं तर मग लिव्हरचं बघू. आणि भरपूर पळाल्यावर कधी लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली तर मात्र वाट बघायची नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल, कारण स्नायू फार तुटले की किडनीवर येतं.

ट्रेनरचं इंजेक्शन बहुतेक स्टेरॉइडचं असणार, त्याने एसजीपीटी वाढू शकतं, एचडीएल धाडकन खाली येतं, बीपी वाढतं, रक्त दाट होतं. म्हणजे पहिल्या पत्रातल्या पोराला बसून बसून जे मिळालं ते तुला पैसे देऊन मिळेल. आपल्याकडे तालमीतल्या पैलवानांनी जोर-बैठकांवर शरीरं कमावली, खुराक दूध-तूप-बदाम. त्यांचं तूप मी सगळ्यांना सांगणार नाही, ते दिवसात हजार बैठका काढायचे.

प्रश्न : मॅरिड नाही, वय २४, कराड. वजन फक्त ५२, उंची पाच फूट दोन. पीसीओडीसाठी, म्हणजे अंडाशयाच्या-पाळीच्या तक्रारीसाठी, सोनोग्राफी केली तर त्यात ग्रेड वन फॅटी लिव्हर लिहून आलं. मी घाबरून एसजीपीटी केलं तर ३८, लॅबची हद्द ४५, म्हणजे नॉर्मल. मी जाड नाही, रिपोर्ट नॉर्मल, मग सोनोग्राफी चुकली का? घरचे म्हणतायत हिला फॅटी कसलं, हिला तर खायला घाला.

उत्तर : सोनोग्राफी चुकली असं वाटत नाही. चरबी बऱ्यापैकी साठल्याशिवाय सोनोग्राफीत ती दिसतच नाही, थोडी असली तर सुटून जाते. आणि एसजीपीटी नॉर्मल असून फॅटी लिव्हर असणारी माणसं भरपूर आहेत, त्यामुळे नॉर्मल आकड्याने सोनोग्राफी खोटी ठरत नाही.

शिवाय ३८ नॉर्मल हे कोण म्हणतं, लॅब. लॅबची हद्द ठरते वरवर धडधाकट दिसणाऱ्या लोकांच्या रक्तावरून, आणि त्यातल्या कितीतरी जणांचं लिव्हर आतून चरबीचं, मग हद्द वर सरकते. इटलीत २००२ मध्ये रक्तदात्यांमधून चरबी-साखरेची गडबड असलेले बाजूला काढून परत हिशोब केला तर पुरुषांना ३० आणि बायकांना १९ आली. अमेरिकेतल्या पोटविकाराच्या डॉक्टरांच्या संघटनेने २०१७ मध्ये पुरुषांना २९ ते ३३ आणि बायकांना १९ ते २५ धरा असं सांगितलं. त्या मापाने तुझं ३८ कमी नाही. वर पुलाचं लिहिलं ना, ४० फूट हा सगळ्या गावाचा इशारा, पण नदीकाठच्या सखल भागात पाणी त्याच्या आधीच शिरलेलं असतं, तिथला माणूस ४० ची वाट बघत बसत नाही, आधीच सामान माळ्यावर टाकतो.

बारीक असण्याचं म्हणशील तर पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकात स्वतःचा आणि एका इंग्रज डॉक्टर मित्राचा, जॉन युडकिन यांचा, फोटो शेजारी शेजारी छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, एकच, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. आपलं असंच असतं, हातपाय काड्या, पोटात चरबी, स्नायू कमी. घेर मोज, बाईला ८० सेंटिमीटर म्हणजे साडेएकतीस इंच ही हद्द, माझा अंदाज आहे तुझा त्याच्या वर निघेल. पीसीओडीच्या मागे पण बऱ्याचदा हेच इन्सुलिनचं दुखणं असतं, म्हणजे दोन आजार नाहीत, दोन दारं आहेत. साखर, ट्रायग्लिसराइड, एचडीएल करून घे, बायकांत एचडीएल ५० च्या वर पाहिजे.

तुला वजन उतरवायला सांगत नाही, पाच किलो उतरवलंस तर काड्या उरतील. तुला स्नायू पाहिजेत. आठवड्यातनं दोन-तीनदा वजनं उचल, डंबेल नसतील तर पाण्याच्या भरलेल्या बाटल्या चालतात, आणि ताटात भाताच्या जागी डाळ, उसळ, अंडं, मटकी, ताक जास्त. घरच्यांचं खायला घाला हे बरोबरच आहे, फक्त काय घालायचं ते तू ठरव.

प्रश्न : आम्ही सांगलीचे, हळदीचा धंदा. मुलाचं वय ३१, एसजीपीटी ७२. मी त्याला रोज गुळवेलीचा काढा, लिव्हर टॉनिक आणि ऑनलाइन मागवलेल्या हळदीच्या कॅप्सूल चालू केल्यात. हळद तर घरचीच गोष्ट, चालेल ना?

उत्तर : साहेब, सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आम्ही पण पेढे खाल्ले, त्यामुळे हळदीविरुद्ध बोललो म्हणून राग धरू नका. भाजीतली हळद, दुधातली चिमूटभर हळद, खुशाल घ्या. कॅप्सूलचं प्रकरण वेगळं. त्यात अर्क काढून कितीतरी पट जास्त माल भरलेला असतो आणि वरनं मिरीचा अर्क घालतात, का, तर त्याने तो रक्तात जास्त शोषला जातो. फोडणीतली हळद शरीर फारशी घेत नाही म्हणूनच ती बिचारी निरुपद्रवी. अमेरिकेत औषधांमुळे लिव्हर खराब झालेल्यांची नोंद ठेवणाऱ्या डॉक्टरांच्या गटाने २०२२ मध्ये हळदीच्या अशा सप्लिमेंटमुळे लिव्हरला इजा झालेल्या दहा जणांची माहिती छापली, त्यातला एक दगावला. सगळ्यांना होतं असं नाही, पण ज्याचं आधीच ७२ आहे त्याच्यावर प्रयोग कशाला?

गुळवेलीचं पण तसंच. कोरोनात घरोघरी काढा उकळत होता, तेव्हा काढा घेणाऱ्या काही जणांना लिव्हरची सूज आल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये लिहिलं. आयुष मंत्रालयाला ते मान्य नव्हतं, वाद झाला. मी त्या वादात पडत नाही. माझा हिशोब साधा आहे, आकडा वाढलाय, कारण माहीत नाही, अशा वेळी तोंडातनं जाणाऱ्या गोष्टी कमी करायच्या, वाढवायच्या नाहीत. आता तुमच्या मुलाचं पुढच्या महिन्यात ९० झालं तर चरबीने झालं, काढ्याने झालं की कॅप्सूलने, कसं सांगणार? तिन्ही बंद करा, सहा-आठ आठवड्यांनी परत तपासा, आणि जे घेतलं त्या बाटल्या-डब्या पिशवीत घालून डॉक्टरला दाखवा, नुसतं आयुर्वेदिक काहीतरी घेतलं असं सांगू नका. टॉनिकने फॅटी लिव्हर जातं याला धड पुरावा नाही. त्या पैशात त्याला बूट घेऊन द्या.

प्रश्न : माझ्या मिस्टरांना ३६ व्या वर्षी कोलेस्टेरॉलची स्टॅटिनची गोळी चालू केली, त्यांच्या वडिलांना लवकर अटॅक आला होता. आता एसजीपीटी ५२ आलं म्हणून त्यांनी गोळी स्वतःच बंद केली, नेटवर वाचलं लिव्हर खराब होतं.

उत्तर : ताई, आजच चालू करायला लावा आणि ज्यांनी दिली त्यांना फोन करून कळवा. एसजीपीटी हद्दीच्या तिप्पट होईपर्यंत साधारणपणे ही गोळी बंद करत नाहीत, ५२ मध्ये तर नाहीच. कावीळ, गडद लघवी, अंग फार दुखणं असं काही असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा लगेच दाखवा. फॅटी लिव्हर असलेल्या माणसालाच हृदयाचा धोका जास्त, आणि तोच माणूस लिव्हरला घाबरून हृदयाची गोळी सोडतो, हे मी महिन्यातनं दोनदा तरी बघतो.

प्रश्न : डॉक्टर, एकच विचारायचंय. साताऱ्याचे आहोत, फॅटी लिव्हर आहे, कंदी पेढा चालेल का?

उत्तर : एक चालेल. बॉक्स दुसऱ्याच्या हातात असला तर.